त्यांना दादाचं रक्त नको होतं

"ह्यांचं नको. दुसरं कुणी मिळतंय का बघा."

सरांचा मुलगा हे नर्सला म्हणाला. आमच्याकडे न बघता. पण आम्ही तिथंच होतो, रक्त घ्यायच्या खोलीच्या दारात, चपला बाहेर काढून. माझा दादा शर्टाची बाही दंडापर्यंत दुमडून उभा होता.

पेणमधलं एक खासगी हॉस्पिटल. आत सरांच्या पत्नी ऑपरेशनला होत्या. सर म्हणजे माझे शाळेतले सर. शाळेच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर सकाळी निरोप आला की काकूंना ओ निगेटिव्ह रक्त हवंय, ताबडतोब. हा गट लवकर मिळत नाही. दादाचा तोच आहे, हे मला ठाऊक होतं. मी त्याला फोन केला. तो रोह्याच्या वरच्या अंगाला कोळशाच्या भट्टीवर कामाला होता. काम टाकून आला. येताना नदीवर थांबून साबण लावून आंघोळ केली. रक्त द्यायचं तर अंग स्वच्छ पाहिजे, असं त्याला वाटलं. नखांतला कोळसा तेवढा निघाला नव्हता.

नर्सनं विचारलं, "का नको? गट तोच आहे."

सरांचा मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, "अहो, कातकरी आहेत ते."

मग त्याला मी दिसले. मी त्याच्याच ऑफिसात कामाला होते. डोलवीला त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. मी तिथं कॉम्प्युटरवर गाड्यांच्या नोंदी करायची आणि त्याला साहेब म्हणायची.

"तसं नाही गं," तो म्हणाला. "गैरसमज करून घेऊ नकोस. पण काय खातात, काय पितात, आपल्याला माहीत नसतं. टेस्ट करूनसुद्धा काहीतरी राहतंच."

सर बाकावर बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या औषधांच्या चिठ्ठीकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत.

साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली. "ह्यांना चहा पाज आणि स्टेशनला सोड."

दादानं बाही खाली घेतली. "चल गो," म्हणाला. चहा घेतला नाही. आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो.

रोह्याच्या गाडीत बसल्यावर तो एकदम हसायला लागला. "त्याला वाटला आसल, आपला रगत चढवला तर म्हातारी उठून बिळा खनाया लागंल." आमचे लोक शेतातले उंदीर खातात म्हणून आम्हाला जन्मभर चिडवतात, त्यावरचा हा त्याचा विनोद. नागोठणे येईपर्यंत तो मधेमधे हसत राहिला. मला हसू आलं नाही. त्यालाही खरं तर आलं नव्हतं.

वाडीत ती गोष्ट त्याच दिवशी सगळ्यांना कळली. कुणी रडलं नाही, कुणी भांडायला गेलं नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "त्यांना नको ना? मंग आपलं आपल्याला." पुढं गावात रक्तदानाचं शिबिर झालं, त्याची गाडी वाडीच्या रस्त्यापर्यंत आली होती. आमच्यातलं कुणी उतरून गेलं नाही.

सरांबद्दल वाईट लिहिताना आजही माझा हात अडतो. आमच्या वाडीत दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. आईबाप भट्टीला निघाले की पोरं त्यांच्याबरोबर जायची, शाळा तिथंच संपायची. मला सरांनी जाऊ दिलं नाही. ते वाडीत आले आणि माझ्या आयला म्हणाले, "हिला ठेवा. ही शिकेल." दहावीच्या वर्षी त्यांनी मला घरी बोलावून गणित शिकवलं. पुढच्या ओटीवर सतरंजी टाकून. कॉलेजला त्यांनीच नाव घालून दिलं. मी रोह्याला बीएस्सी झाले, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. नोकरीसाठी मुलाकडं शब्द टाकला. हे सगळं खरं आहे. म्हणून त्या दिवशीचं त्यांचं गप्प बसणं मी गिळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. काकूंची तब्येत विचारली. कुणाचं तरी रक्त मिळालं होतं.

पुढच्या वर्षी मी आजारी पडले.

आधी ताप. मग हिरड्यांतून रक्त. मग मांडीवर, दंडावर निळे डाग. कुठं आपटले, आठवेना. जिन्याच्या चार पायऱ्या चढले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. रोह्याच्या हॉस्पिटलात तपासलं, तर डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही, आधी रक्त भरा, मग पुढचं बघू.

टेम्पो भरून वाडी आली. माझा चुलता, चुलतभाऊ, शेजारपाजारचे. सगळ्यांत पुढं दादा. नर्स म्हणाली, "बाहेरूनपण मिळेल हो, एवढ्या लोकांची गरज नाही."

दादा म्हणाला, "भायेरचं नको. आमची पोर हाय, आमचंच घाला."

त्याचं रक्त कुणालाही चालणारं. म्हणून सगळ्यांत जास्त त्याचंच चढवलं. नंतर पुन्हा लागलं, तेव्हा पुन्हा त्याचंच, मग चुलत्याचं. आय पण हात पुढं करून उभी होती. ती इतकी वाळलेली होती, की तिला वजनकाट्यावरूनच खाली उतरवलं. ती रुसली. दादाला म्हणाली, "तुजं घेतात, माजं का नाय?"

डॉक्टरांनी आमचं कौतुक केलं. "तुमच्या लोकांत एकी आहे," म्हणाले. मला कसला आजार असेल याची त्यांना तोवर शंका आली होती. आम्हाला मुंबईला पाठवायचं त्यांनी ठरवलंही होतं. पण घरच्यांचं रक्त घेऊ नका, असं कुणी म्हटलं नाही. मी बारावीला जीवशास्त्र शिकले, रक्तगट पाठ केले, बीएस्सी झाले. माझ्याही कुठल्या पुस्तकात ते नव्हतं.

मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नाव कळलं. ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर. आयला कॅन्सर शब्द माहीत होता. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला, जणू मीच तो उच्चारला होता.

केमोबद्दल मी फार लिहिणार नाही. केस गेले. तोंड आतून सोललं. आजार मागं हटला, घरी आले, आणि काही महिन्यांत परत डाग दिसले. तेव्हा मॅडम म्हणाल्या, आता औषधांनी भागणार नाही, दुसऱ्याची मज्जा घालावी लागेल. मॅडम म्हणजे त्या विभागाच्या मोठ्या डॉक्टर. हाडांच्या आत मऊ गर असतो, रक्त तिथं तयार होतं. माझा गर औषधांनी मारून टाकायचा आणि जुळणाऱ्या माणसाचा घालायचा. तपासणी केली. दादा पूर्ण जुळला.

त्या दिवशी तो वॉर्डच्या बाहेर सगळ्यांना सांगत होता. रखवालदाराला, चहावाल्याला, दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना. "माजा जुळला. समदा जुळला."

त्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढली. लाल पिशवी माझ्या उशाशी टांगली. रक्तासारखीच दिसत होती. मी काचेच्या खोलीत होते. काचेपलीकडं दादा कमरेवर हात दाबून उभा, वाकडा, आणि हसतोय.

मग वाट बघणं. रोज सकाळी रक्त काढायचे आणि पेशी वाढल्या का बघायचे. नाही. आज पण नाही. आय काचेतून हातानं विचारायची, लागलं का? तिला भाताची लावणीच ठाऊक. आवण, म्हणजे कोवळी रोपं, उपटून दुसऱ्या खाचरात लावलं, की काही दिवस पिवळं पडतं, मग हिरवं होतं, तसंच हे, असं ती समजून होती. मीही तसंच समजून होते. मग पेशी थोड्या वाढल्या. आम्हाला आनंद झाला. पण तपासणीत दिसलं, त्या दादाच्या नव्हत्या. माझ्याच होत्या. दादाचं माझ्या अंगात काहीच उरलं नव्हतं. माझं जुनं शरीर परत आलं होतं, आणि ते आलं म्हणजे आजार मागून येणार.

तो निकाल सांगायला एक शिकाऊ डॉक्टर आला होता. फाईल चाळताना थांबला.

"आधी घरच्यांचं रक्त दिलं होतं? सख्ख्या भावाचं? इतक्या वेळा?"

मी हो म्हटलं.

"कमाल आहे. एवढं कसं कळत नाही तुम्हा लोकांना? मग बॉडी रिजेक्ट करणारच ना."

दादा दारात होता. हातात माझ्यासाठी उकळून आणलेलं पाणी.

डॉक्टर गेल्यावर त्यानं विचारलं, "म्हंजे मी दिलं म्हणून?"

पाणी दाराशी ठेवून तो जिना उतरून गेला.

नंतर मॅडमनी मला नीट सांगितलं. घरच्या माणसाचं रक्त आधी मिळालं, की कधी कधी शरीर त्या माणसाच्या पेशी ओळखायला शिकतं, आणि पुढं त्याचीच मज्जा घातली, की त्यांना परकं समजून मारून टाकतं. म्हणून ज्याला पुढं मज्जा लागू शकते, त्याला अनोळखी लोकांचंच रक्त द्यायचं असतं. "पण तुझ्या बाबतीत तेच झालं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "दुसरी कारणंही असतात. नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

हे ऐकायला दादा तिथं नव्हता. तो घाटावर निघून गेला होता, कोळशाच्या कामाला. फोन उचलत नव्हता. त्याच्याकडं अर्धंच वाक्य होतं.

पुन्हा करायचं ठरलं. ह्या वेळी आयच्या पेशी. तिच्याशी मी अर्धीच जुळते, पण आता तेवढ्यावरही करतात, मॅडम म्हणाल्या. हाडातून नाही, रक्तातून मशीननं पेशी वेगळ्या काढायच्या, त्याला तिचं वजन चालणार होतं. धोका जास्त. पहिल्यांदा फसलेल्या शरीराला दुसऱ्यांदा त्या औषधांतून न्यायचं. आणि उशीर करायचा नाही, आजार परत यायच्या आत झालं पाहिजे. तोवर मी वाडीत राहायचं नाही. चुलीचा धूर, विहिरीचं पाणी, माणसांची ये-जा, काहीच मला चालणार नव्हतं. पक्की खोली हवी, वेगळा संडास हवा.

सर स्वतः आले. म्हणाले, "माझी मागची खोली रिकामी आहे. पेणलाच राहा. तुझं घर समज." मी मास्कच्या आत रडले. आयनं खोली इतकी घासली, की फरशीचा रंग बदलला. काकू डबा पाठवायच्या, मऊ भात, शिजवलेली भाजी, सगळं ताजं. डबा मोलकरीण उंबऱ्याशी ठेवून जायची. मला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, असं काकू म्हणायच्या. ते बरोबरच होतं. रिकामा डबा मात्र आयनं घासून दिला, तरी अंगणातल्या नळावर पुन्हा घासला जायचा. तो कुणाच्या संसर्गासाठी, ते मी आयला विचारू दिलं नाही.

मला त्या दिवसांत सारखी भीती वाटायची. खोकला आला की भीती. दात घासताना थुंकीत लाल दिसेल ही भीती. अंगावर डास चावल्याचा ठिपका उठला, तरी मी त्याच्याभोवती पेननं गोल काढून ठेवायची आणि तासानं बघायची, पसरलाय का. आय झोपली, की तिच्या छातीकडं बघत राहायची. ही एवढीशी बाई. हिच्यातून काढून माझ्यात घालणार. हिचंही नाही लागलं तर? मग ती कुठं जाईल? तिला कुठली भट्टी?

एका सकाळी साहेब अंगणात आले. हातात फोन, फोन अडकवायची काठी. म्हणाले, "तुझ्या दुसऱ्या ट्रान्सप्लांटसाठी आपण आवाहन करूया. एक छोटा व्हिडिओ. शाळेच्या ग्रुपवर टाकू, गावात फिरेल. लोक भरभरून मदत करतात." सर मागल्या दारात उभे होते. त्यांनी मान हलवली. हो म्हण, अशी.

मला खुर्चीवर बसवलं. डोक्याचा रुमाल काढायला लावला. "केस गेलेले दिसू देत. लोकांना कळलं पाहिजे." मी काढला. आयला शेजारी उभं केलं. "आजी, तुम्ही हात जोडा." माझी आय काही आजी नाही. तिनं हात जोडले.

मग साहेबांनी मला काय बोलायचं ते सांगितलं. "आमच्या समाजात अजून अज्ञान आहे. अंधश्रद्धा आहे. आम्ही डॉक्टरांचं ऐकलं नाही. भगताचं ऐकलं, घरचंच रक्त घातलं, त्यामुळं माझं पहिलं ट्रान्सप्लांट फुकट गेलं. अशा वेळी सरांनी आम्हाला आसरा दिला. बस, एवढंच. आणि शेवटी धन्यवाद."

आय भगताकडं गेली होती, हे खरं. अंगारा आणला होता. नर्सनं तो आत नेऊ दिला नाही, म्हणून तिनं तो पुडीत बांधून स्वतःच्या कमरेला खोचला होता. माझ्या अंगात त्यातला कणही गेला नव्हता. माझ्या अंगात जे गेलं, ते प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या हातानं गेलं होतं.

मी गप्प राहिले. साहेबांना वाटलं, मी पाठ करतेय.

"घाबरू नकोस. चुकलं तर परत घेऊ."

मी घाबरले होतेच. नाही म्हटलं तर खोली जाईल. मदत जाईल. बरी झाले तरी नोकरी नसेल. मॅडम म्हणाल्या होत्या, उशीर नको. माझ्याकडं बदलून बघायला दुसरं आयुष्य नव्हतं. चार वाक्यं तर होती. बोलून टाकायची. दादा घाटावर होता, त्याला कुठं दिसणार होतं?

दिसणार होतं. फोन सगळीकडं पोचतात. भट्टीवर कुणीतरी त्याला दाखवणार होतं, की बघ, तुझी शिकलेली बहीण काय म्हणते. तुझ्यामुळं फुकट गेलं.

मी शेजारी पाहिलं. आयनं हात जोडलेलेच होते. काय बोलायचं चाललंय, ते तिनं ऐकलं होतं. तिनं मान खाली घातली होती. तिला ते पटलं होतं.

"आय, हात खाली घे."

"आता काय झालं?" साहेब म्हणाले.

"मी हे बोलणार नाही."

"अगं, तुझ्या भल्याचं आहे."

"घरचं रक्त आम्ही का घातलं, ते सांगू का त्यात?"

त्यांनी काठी खाली घेतली. मास्क नाकाला चिकटत होता.

"माझा दादा इथं पेणला काकूंना रक्त द्यायला आला होता. आंघोळ करून आला होता. तुम्ही त्याला परत पाठवलंत. नंतर वाडीतलं कुणी बाहेर रक्त द्यायला गेलं नाही आणि बाहेरचं घ्यायलाही तयार झालं नाही. रक्त अनोळखी माणसाला द्यायचं असतं, अनोळखी माणसाकडून घ्यायचं असतं, हे आम्हाला कुठं कळणार होतं? आमचं कुणी घेतलंच नाही."

"वा!" साहेब म्हणाले. "म्हणजे आता तुझं ट्रान्सप्लांट फेल गेलं, ते माझ्यामुळं. बाबा, ऐकताय ना? हे तुमचं शिकवलेलं."

"तुमच्यामुळं गेलं, असं मी म्हणत नाही. कशामुळं गेलं, ते डॉक्टरसुद्धा सांगू शकत नाहीत. पण आमच्या अज्ञानामुळं गेलं, असं मी माझ्या तोंडानं सांगणार नाही. माझ्या भावामुळं गेलं, असंही नाही."

"मग खोलीचं पण तुझं तूच बघ."

ते काठी मिटून निघून गेले. सर दारातच होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. "सर, तुम्ही होतात तिथं."

"त्या दिवशी मी काळजीत होतो, पोरी," सर म्हणाले. "माझ्या मनात तसं काही नव्हतं."

"तुमच्या मनात काय होतं, मला माहीत नाही सर. तुम्ही बोलला नाहीत."

संध्याकाळी ते परत आले. म्हणाले, "राहा तू. तो रागात बोलला. फक्त ती गोष्ट चारचौघांत काढू नकोस." मी त्यांना वाकून नमस्कार केला. मनापासून केला. गणितासाठी, कॉलेजसाठी, पेढ्यांसाठी. आणि सांगितलं, आम्ही दुसरीकडं खोली बघतो.

सांगून तर बसले. कुठं बघणार होते?

मी दादाला निरोप धाडला, भट्टीच्या मुकादमाच्या फोनवर. बहीण बोलणार आहे, आजाराचं आहे, एवढाच. तो आला फोनवर. मी त्याला उरलेलं अर्धं वाक्य सांगितलं. "मॅडम म्हणतात, नक्की सांगता येत नाही. तुझ्यामुळंच, असं कुणीच सांगू शकत नाही."

मग म्हणाला, "आता आयचं घेनार?"

"हो."

"आयचं रगत तवा घातलं नव्हतं ना तुला?"

"नाय. वजनात बसली नव्हती ती."

"बरं झालं म्हातारी सुकाट व्हती," तो म्हणाला. आणि रडला. मोठ्यानं, मुकादमासमोर.

तो आला. जिते स्टेशनजवळ त्याच्या ओळखीच्या एका माणसाची नवी बांधलेली खोली होती. अजून कुणी राहिलं नव्हतं. दादानं ती चुन्यानं दोनदा रंगवली, खिडकीला जाळी मारली, वाळेपर्यंत मला आत येऊ दिलं नाही. दुसऱ्या ट्रान्सप्लांटच्या खर्चाचं हॉस्पिटलच्या समाजसेविकेनं सरकारी योजनेत बसवून दिलं. महिनाभर ती आमच्यासाठी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरली. तिनं माझा व्हिडिओ मागितला नाही.

मुंबईला पुन्हा भरती झाले, तेव्हा दादाला मी एक सांगितलं. "तुझं रक्त आता मला चालायचं नाही. पण मला दुसऱ्यांचं लागणार आहे, भरपूर. तू हॉस्पिटलात दे. कुणालाही जाऊ दे."

"नको बोलले तर?"

"तर मी खाली येऊन भांडेन. मास्क लावून."

तो खालच्या मजल्यावरच्या रक्तपेढीत गेला. तासाभरानं वर आला. हातात बिस्किटचा पुडा. "कायपण इचारला नाय गो," म्हणाला. "नाव इचारला आन् हात धर बोलली." त्यानं पुडा फोडला नाही. दिवसभर खिशात घेऊन फिरला.

आयच्या पेशी घ्यायच्या आदल्या दिवशी तोच शिकाऊ डॉक्टर तिच्याकडं कागद घेऊन आला. "इथं सही किंवा अंगठा."

आयनं अंगठा पुढं केला. मी तिचं मनगट धरलं.

"आधी तिला सांगा."

"तुला सांगितलंय ना सगळं?"

"माझ्या नाही, तिच्या अंगातून काढणार आहात. तिला सांगा. मराठीत."

तो चिडला. मॅडमना बोलावून आणलं. ह्यांच्याच हातात माझा जीव. ह्यांना राग आला तर? पण मॅडम खुर्ची ओढून आयसमोर बसल्या. इंजेक्शनं कशाची, हाडं का ठणकतील, मशीन काय करतं, एका हातातून रक्त जाऊन दुसऱ्या हातात परत कसं येतं, सगळं सांगितलं. आय ऐकत होती. मधे म्हणाली, "म्हंजे माजं आवण हिच्या खाचरात."

"हो. तसंच."

"लागंल?"

"लागावं म्हणून आम्ही सगळं करणार. पण नाही लागलं, तर हिच्या जिवाला धोका आहे. खोटं सांगणार नाही."

आयनं विचारलं, "नाय लागलं, तर माजा दोस व्हईल?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हे ह्यांच्यासमोर पुन्हा म्हणा," मी म्हटलं. शिकाऊ डॉक्टर होता, दोन नर्स होत्या, दारात दादा होता.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मग सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, "लागलं नाही, तर तो ह्या बाईंचा दोष नसेल. आणि मागच्या वेळचा दोष भावाचाही नव्हता. त्यांना आधी सांगायला हवं होतं. आपल्या लोकांनी सांगितलं नाही."

मग आयनं अंगठा दिला.

पेशी माझ्या अंगात गेल्या आहेत. हे मी फोनवर लिहिते आहे, थांबत थांबत, बोटं सुजली आहेत. काल ताप होता. आज सकाळी रक्त नेलं, निकाल यायचा आहे. दारापाशी पाऊल वाजलं, की मी लिहिणं थांबवून तिकडं बघते. मला मरायचं नाही. हे मी आधी कधी इतकं स्पष्ट कुणाला सांगितलं नव्हतं.

भीती जाईल असं मला वाटत नाही. ती राहू दे. पण भ्यायले म्हणून मी कुणी शिकवलेलं वाक्य बोलणार नाही. आजही नाही, बरी झाल्यावरही नाही. उपकाराचे आभार मानेन, त्याच्या बदल्यात भावाला गुन्हेगार ठरवणार नाही. लागलं, तर वाडीवाडीत जाऊन मीच सांगेन, की आपलं रक्त बाहेर द्या, बाहेरचं घ्या, आणि कुणी नको म्हटलं, तर कारण विचारा. आणि नाही लागलं, तर दादाला सांगून ठेवलं आहे. माझं जे व्हायचं ते होईल. पण कुणी तुम्हाला म्हणालं, की तुमच्यामुळं गेली, तर मान खाली घालून निघून यायचं नाही. का गेली, ते विचारायचं. आयला समजेल अशा भाषेत उत्तर मिळेपर्यंत दारातून हलायचं नाही.